दिंडोशीचा फळा आणि सासूबाईंचे बोंबील

चंद्रप्रकाश तोरसकरांनी आयुष्यात दोन गोष्टींना कधी धक्का लागू दिला नाही. एक म्हणजे डोक्यावरचा भांग. केसांनी केव्हाच साथ सोडली होती, तरी ते रोज सकाळी कंगव्याने तो पाडत. आणि दुसरी म्हणजे सोसायटीच्या गेटाशेजारचा काळा फळा.

दिंडोशीच्या म्हाडा वसाहतीत फळ्यावर आल्याशिवाय कुठलीही गोष्ट घडली असं धरत नाहीत. पाणी गेलं की लोक नळ उघडून बघत नाहीत, खाली उतरून फळा बघतात. तिथे ‘पाणी येणार नाही’ लिहिलं असेल तर समाधानाने वर जातात. सत्यनारायण, दु:खद निधन, हरवलेली चावी, सापडलेली चप्पल, सगळं तोरसकरांच्या ठसठशीत अक्षरात. क्रिकेटची मॅच असली की दर दोन षटकांनी स्कोअर. घराघरात टीव्ही, खिशाखिशात मोबाइल, तरी कामावरून येणारा माणूस फळ्यापाशी थांबून वर ओरडायचा, “तोरसकर, विकेट कोणाची?”

गोरेगावच्या एका पंपाच्या कारखान्यात टाइम ऑफिसला त्यांनी नोकरी केली, म्हणजे जन्मभर दुसरे किती उशिरा आले ते लिहून ठेवलं. पण खरा पिंड स्कोअररचा. मागच्या मैदानावर टेनिस बॉलच्या स्पर्धा भरत तेव्हा टेबल-खुर्ची त्यांची. एका फायनलला, ज्याच्या पैशाने मंडप उभा होता त्याचा भाचा एकोणपन्नासवर बाद झाला. “काका, एक रन इकडेतिकडे करा ना,” अशी विनंती झाली. मग ती विनंती मोठ्या आवाजात झाली. मग विनंतीच्या हातात स्टंप आला. तोरसकर पाण्याच्या टाकीमागे लपून बसले, पण खडू सोडला नाही. एकोणपन्नास ते एकोणपन्नासच राहिले. हा किस्सा ते स्वत: वर्षातून चारदा सांगत आणि दर वर्षी तो स्टंप थोडा जाड होई.

तर असा हा माणूस, आणि आला लॉकडाउन. क्रिकेट बंद. सत्यनारायण बंद. चप्पल हरवायला घराबाहेर कोण जातंय? फळा कोरा पडला. तोरसकर सकाळ-संध्याकाळ मास्क लावून खाली जायचे, कोरा फळा ओल्या फडक्याने पुसायचे आणि परत यायचे.

मग महापालिकेने वॉर्डवार आकडे द्यायला सुरुवात केली आणि तोरसकरांच्या अंगात वारं शिरलं. पहिल्याच दिवशी फळ्यावर रकाने पडले. आपला पी साउथ सर्वांत वर. मग शेजारचा मालाड, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, वाकोल्याचा एच ईस्ट, देवनारचा एम ईस्ट. आजचे रुग्ण, एकूण, बरे झालेले. वाचणाऱ्याला वाटावं, रणजीचं पॉइंट टेबल आहे. आठवड्याभरात लोकांनी वॉर्डांच्या टीमा करून टाकल्या. “मालाडची बॅटिंग बघ रे,” असं खालचा वरच्याला सांगायचा. मुलुंडचा आकडा वाढला की इथल्या माणसाला उगाच आपण फिल्डिंग चांगली केल्यासारखं वाटायचं. मेहनत काय, तर घरात बसून डाळ-भात खाणे.

आणि जिथे आकडा आहे तिथे गिरणगावातून उठून आलेला माणूस किती दिवस सरळ बसेल? अर्धी वसाहत गिरणी कामगारांच्या पोरांची. बापांनी मटक्यावर पगार उडवलेले, आयांनी त्यावरून भांडी आपटलेली. आकडा म्हटला की रक्त सळसळायचंच. एका संध्याकाळी तळमजल्यावरच्या बेनेडिक्ट मिस्किटाने खिडकीत बसून जाहीर केलं, “उद्या एच ईस्टच्या आकड्यातला शेवटचा आकडा कोण सांगते? एकाला नऊ देते मी.”

बेनेडिक्ट मूळचा वाकोल्याच्या गावठाणातला. जेलमधून हवालदार म्हणून रिटायर झालेला. कैद्यांवर नजर ठेवता ठेवता त्यांचे सगळे धंदे त्याला पाठ झाले होते. खेळ वाकोल्याच्या आकड्यावर, कारण आपल्या वॉर्डावर खेळणं अपशकुनी, असं त्याचं म्हणणं. गावाला वाईट वाटेल असं त्याला वाटलं नाही. वाटलं असतं तर तो मिस्किटा कसला.

नोटांना हात लावायला लोक घाबरत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने तर नोटा साबणाने धुऊन दोरीवर चिमट्याने वाळत घातल्या होत्या. म्हणून खेळ सुक्या बोंबलांवर ठरला. मासळी बाजार बंद, बाजारात ओलं काही नाही, त्यामुळे सुक्या बोंबलाला त्या दिवसांत सोन्याचा भाव. संध्याकाळी तोरसकरांच्या बाराव्या बिल्डिंगच्या खिडक्यांतून दोरीला बांधलेल्या पिशव्या खाली सुटायच्या. बेनेडिक्ट त्यात हरलेल्यांकडून बोंबील घ्यायचा, जिंकलेल्यांना द्यायचा. वास असा, की गस्तीची पोलीस गाडी गेटापाशी यायची आणि न थांबता निघून जायची.

तोरसकर स्वत: कधी खेळले नाहीत. स्कोअररने खेळायचं नसतं. पण आता आपल्या खडूवर पन्नास घरांची कालवणं अवलंबून आहेत, या जाणिवेने त्यांची मान थोडी ताठ झाली, हेही खरं.

घरात मात्र ती मान खाली असायची. कारण सासूबाई.

सुलक्षणाबाई, वय ब्याऐंशी, परळच्या चाळीत संसार केलेल्या, नवरा गेल्यापासून लेकीकडे. जीभ अशी की कोयतीला धार लावायला वापरावी. फेब्रुवारीत तोरसकरांनी न्हाणीघराचं काम काढलं. जुनी फरशी काढून नवी घालायची, त्यांच्यासाठीच कमोड बसवायचा. घरात धूळ, पाणी बंद. तेव्हा त्यांनीच सुचवलं, की आईंना महिनाभर वाकोल्याच्या ‘शांतिछाया’ वृद्धाश्रमात ठेवू. सासूबाई पितळी डबा आणि दोन लुगडी घेऊन गेल्या. जाताना रिक्षातून म्हणाल्या, “जावयांनू, फरशेचा निमित्त बरा गावला.”

मग सगळंच बंद झालं. फरशीवाला अर्धी भिंत तशीच सोडून गावाला गेला. आश्रमाने दार लावून घेतलं. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. आणि प्रेमाने, म्हणजे तोरसकरांच्या बायकोने, त्यांच्याशी बोलणं टाकलं. भांडली असती तर परवडलं असतं. ती ताट वाढायची, चहा ठेवायची, आणि जे काही सांगायचं ते कुकरला सांगायची. “काही लोकांना न्हाणी हवी होती, बस आता न्हात,” असं कुकर रोज ऐकायचा आणि शिट्टी द्यायचा.

संध्याकाळी मात्र ती तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत येऊन उभी राहायची. आईची फोनवरची गोष्ट तिला पुरायची नाही; ऐंशीच्या पुढची बाई खरं थोडंच सांगणार? म्हणून तोरसकर आश्रमाच्या मॅनेजरला विचारून रकान्यांच्या खाली एक ओळ रोज लिहायचे, वरून दिसेल एवढ्या अक्षरात: ‘शांतिछाया, वाकोला: सर्व नाबाद.’ प्रेमा ती वाचायची आणि आत जायची. दोन महिने त्या नवरा-बायकोत झालेला संवाद तो एवढाच.

ती ओळ बघून बेनेडिक्ट म्हणाला, “माझा पण लिही ना. ब्रायन आत हाय.”

ब्रायन त्याचा मुलगा, बापाच्याच खात्यात शिपाई. तुरुंगाला कुलूप घालून कैद्यांबरोबर शिपायांनाही आत ठेवलं होतं. तोरसकरांनी दुसरी ओळ घातली: ‘तुरुंग: सर्व नाबाद.’ आणि त्या दिवसापासून दोघांत चुरस लागली.

“जेलसारखी सेफ जागा नाय, मॅन,” बेनेडिक्ट खिडकीतून म्हणायचा. “माझ्या टायमाला एक कैदी पळाला नाय. हा व्हायरस काय भिंत चढून येते?”

“पळायचं नाहीये त्याला, आत यायचंय. आत घ्यायला तुम्ही लोक कधी नाही म्हणालात?”

“आणि तुझे म्हातारे? एक शिंकला तर सगळे कोरसमध्ये शिंकतात.”

“आमच्याकडे सासूबाई आहेत. व्हायरस दारातूनच माफी मागून परत जाईल.”

असं ते रोज चालायचं. दोघांपैकी एकही आपल्या माणसाचं नाव घेऊन ‘भीती वाटते’ असं म्हणाला नाही. पुरुष माणसं, त्यांना भीती सांगायला आधी एकमेकांची टिंगल करावी लागते.

मे महिन्यात तुरुंगाची विकेट पडली. बातमी आली, आत कैदी आणि शिपाई मिळून बरेच जण पॉझिटिव्ह निघाले, त्यात ब्रायन. बेनेडिक्ट मास्क लावून फळ्यापाशी आला आणि लांब उभा राहिला.

“लिही,” तो म्हणाला. “तू स्कोअरर ना?”

तोरसकरांनी लिहिलं. सगळा आकडा, शिपाई वेगळे, कैदी वेगळे. अक्षर त्या दिवशी विशेष सुंदर आलं. वेलांट्या अगदी मोगऱ्याच्या कळीसारख्या. आणि त्याखाली, हात आवरेना म्हणून, ‘शांतिछाया: सर्व नाबाद’ याच्यापुढे त्यांनी एक छोटं फूल काढलं. बेनेडिक्टने फूल पाहिलं. तो घरात गेला आणि त्या दिवशी मटका झाला नाही.

ब्रायनला एका शाळेत नेऊन ठेवलं. दहाव्या दिवशी तो बरा झाला, वडिलांना फोन करून ‘इथल्या जेवणापेक्षा जेलचं बरं’ म्हणाला, आणि खिडकीतला मटका पुन्हा सुरू झाला. पण बेनेडिक्ट तोरसकरांशी बेताचंच बोलायचा.

मग जूनच्या एका दुपारी तोरसकरांचा फोन वाजला. आश्रमाचा मॅनेजर सुबोध.

“काका, आमच्याकडे तपासणी झाली परवा. सतरा जण पॉझिटिव्ह आलेत. आजीपण आहेत त्यात. तशा ठणठणीत आहेत. ताप नाही, काही नाही. चहा पानचट आहे म्हणून मला सकाळपासून तीनदा झापलंय. उद्या सगळ्यांना सेंटरला हलवतील.”

तोरसकरांनी फोन ठेवला. आतून कुकरची शिट्टी झाली. त्यांनी प्रेमाकडे जाण्यासाठी दोन पावलं टाकली आणि परत फिरून न्हाणीघरात गेले. तिथे अर्ध्या भिंतीला फरशी होती, अर्धीला नव्हती. ते उलट्या बादलीवर बसले. ब्याऐंशी वर्षांची बाई. पेपरात रोज येत होतं, वृद्धाश्रमांत शिरलं की काय होतं ते. त्यांनी स्वत:च तर ते कात्रण वाचून लोकांना समजावून सांगितलं होतं, टक्केवारीसकट, जिन्यात उभं राहून.

संध्याकाळी महापालिकेची यादी मोबाइलवर आली. एच ईस्ट: सत्तावन्न. आदल्या दिवशी तेहतीस होते.

ते खाली गेले. फळा पुसला. पी साउथ लिहिला, मालाड लिहिला, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. मग एच ईस्टपाशी खडू थांबला. वर बघायची गरज नव्हती. गॅलरीत प्रेमा उभी आहे हे त्यांच्या टकलाला जाणवत होतं. सत्तावन्न लिहिले तर ती विचारणार, एका दिवसात एवढे कुठून? आणि खालच्या ओळीत काय लिहायचं?

एका धावेसाठी स्टंप अंगावर घेणाऱ्या माणसाने एच ईस्टसमोर तेहतीस लिहिले. खाली लिहिलं, ‘शांतिछाया: सर्व नाबाद.’ फूल काढलं नाही. अक्षर तिरकं गेलं.

प्रेमा वाचून आत गेली. बेनेडिक्ट खिडकीतून उठून बाहेर आला.

“चंदू, तेहतीस?”

“तेहतीस.”

“माझ्या मोबाइलमध्ये सत्तावन्न हाय.”

“मोबाइल बदल.”

बेनेडिक्टने मोबाइलकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, मग तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या गॅलरीकडे पाहिलं. चाळीस वर्षं कैद्यांची तोंडं वाचलेला माणूस. तो वळला आणि साऱ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “आज तिर्री. तेहतीसची तिर्री. फळा म्हणते तेच फायनल.”

तोरसकर वर आले आणि जेवायला बसले. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. तो ओट्याजवळ चार्जिंगला होता, म्हणून प्रेमाने उचलला. पडद्यावर सासूबाई. मास्क हनुवटीवर, केस विंचरलेले, कपाळावर आठ्या.

“आई? तू आत्ता कशी? बरी आहेस ना?”

“तुज्याशी नाय. जावयाक दी फोन.”

प्रेमाने मोबाइल ताटासमोर धरला, पण सोडला नाही.

“जावयांनू, आज फळ्यार काय लिवलात?”

“ते, आपलं, नेहमीचंच, आई.”

“तेहतीस लिवलात. माका बेनेडिकान फोन केल्यान. म्हणता, मावशे, सत्तो नाय लागलो, तिर्री इली. तुजे सहा बोंबील गेले.”

तोरसकरांना आधी काही उलगडेचना. मग सगळं एकदम उलगडलं. बाई आश्रमात बसून मटका खेळत होत्या. गेले पंधरा दिवस, फोनवरून, बेनेडिक्टकडे, उधारीवर.

“आमच्यातले सतरा गावले. सतरा म्हणजे सत्तो. मी सत्त्यार लावलंय. माज्या घोवाक जन्मात लागलो नाय तो सत्तो माका लागलो, सत्तावन आकडो हय सगळ्यांच्या फोनार इलो. आनी तुमी तेहतीस लिवलात?”

“आई,” प्रेमा म्हणाली, “कुठले सतरा?”

सासूबाईंना तेव्हा कळलं असावं की लेकीला हे ठाऊक नव्हतं. पण एकदा निघालेली गाडी त्या कधी मागे घेत नसत.

“त्या सतरांत मी आसंय गो. माका काय एक झालेला नाय, तू रडा नको. पन ह्या माणसाक इचार. शिमग्याआधी माका घरातसून भायर काढल्यानी. आता आकड्यातसून पन काढल्यानी. मेलंय असतंय तरी नाबादच लिवला असता काय?”

तोरसकरांनी हात धुतले. ते ताटातच धुतले, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. प्रेमाने फोन ठेवला. डोळे पुसले. मोरीतला ओला फडका उचलला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

“पुसून या,” ती म्हणाली. दोन महिन्यांतले तिचे त्यांना उद्देशून पहिले शब्द.

चुकलेला स्कोअर सुधारायची मैदानावर एक रीत असते. गुपचूप करायचं नाही. उभं राहून मोठ्याने सांगायचं आणि मगच खोडायचं. तोरसकरांनी ती इतरांना शिकवली होती, स्वत: कधी वापरली नव्हती. ते फळ्यापुढे उभे राहिले, घसा खाकरला आणि खिडक्यांना सांगितलं, “एच ईस्ट. लिहिणाऱ्याची चूक. तेहतीस नाही, सत्तावन्न.”

वरून कोणीतरी ओरडलं, “तोरसकर, तुमची चूक? थर्मामीटर लावा.”

तिर्रीवर जिंकलेले हळहळले, सत्त्यावर खेळलेली एकच बाई होती. बेनेडिक्ट खिडकीत कोपरं टेकून बघत होता. तो फोन त्याने धंद्याच्या नियमाने केला होता की मुद्दाम, हे पुढे त्याला कितीदा विचारलं तरी तो ‘मटका चालवते त्या खायवालाने गिऱ्हाइकाला आकडा सांगायलाच लागते, मॅन’ एवढंच म्हणाला.

तोरसकर खालच्या ओळीपाशी आले. ‘शांतिछाया: सतरा,’ त्यांनी लिहिलं. अक्षर पुन्हा तिरकं गेलं.

“अक्षर बघ जरा,” बेनेडिक्ट म्हणाला. “ब्रायनच्या टायमाला काय सुंदर काढलं होतं. मावशीला पण तसाच काढ.”

तोरसकर थांबले. त्यांनी ते पुसलं आणि पुन्हा लिहिलं, सावकाश, वेलांट्या सांभाळून. मग पुढे लिहिलं, ‘पैकी एक सुलक्षणाबाई.’ वर गॅलरीत प्रेमा उभी होती. या वेळी त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“आणि तुझं ते फूल,” ते बेनेडिक्टला म्हणाले, “म्हणजे माझं. त्या दिवशीचं. ते काढायला नको होतं.”

“फूल पण वाकडं होतं,” बेनेडिक्ट म्हणाला, आणि खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवसापासून टिंगल पूर्ववत सुरू झाली.

पुढचे दिवस ती ओळ रोज बदलत गेली. सतरांपैकी दोघे परत आले नाहीत. तोरसकरांनी तेही लिहिलं, नावानिशी, त्यांना कधी पाहिलं नव्हतं तरी. अख्खी बिल्डिंग त्या दोन संध्याकाळी फळ्यापाशी चपला काढून उभी राहिली आणि मटका बंद ठेवला. उरलेला वेळ तोरसकर न्हाणीघरात घालवायचे. व्हिडिओ बघून, स्वत: सिमेंट कालवून त्यांनी ती अर्धी भिंत पुरी केली. फरशा अशा बसल्या की भिंतीकडे बघताना माणसाचा तोल जावा.

सासूबाई आल्या त्या रुग्णवाहिकेतून, ड्रायव्हरला रस्ता चुकल्याबद्दल बोलत. गेटापाशी उतरल्या, पितळी डबा काखेत, आणि आत यायला नकार दिला.

“आधी माजे बोंबील.”

बेनेडिक्टने खिडकीतून पिशवी सोडली. एकाला नऊच्या भावाने त्याचं घर रिकामं झालं होतं. वर आणखी भरीला त्याने शेजाऱ्यांकडून उसने घेतले होते. पिशवी उघडली तशी पहिल्या मजल्याने खिडक्या लावल्या. गेटावरचा वॉचमन दोन पावलं मागे सरला. सासूबाईंनी पिशवीत नाक घातलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं.

“ह्यांका वासच येना नाय,” त्या म्हणाल्या. “जुने दिलात. माका फसवलात.”

“मावशी, वास नाय?” बेनेडिक्टने नाकाला रुमाल लावला होता. “मालाडपर्यंत जाते हा वास.”

“माका येना नाय म्हणजे नाय.”

कोणाच्या ध्यानात यायच्या आत प्रेमाच्या आलं. आजार गेला होता, पण जाताना आईचं नाक घेऊन गेला होता. ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. तोरसकरांनी पिशवी आणि पितळी डबा दोन्ही उचललं. “जुनेच आहेत, आई,” ते म्हणाले. “बेनेडिक्टला मी बघतो.”

त्या संध्याकाळपासून फळ्यावर शेवटची ओळ नवी आली. ‘सुलक्षणाबाईंचं नाक: शून्य.’ बोरिवली चढत होती, मुलुंड उतरत होतं, पण जाणारा-येणारा आधी ती ओळ वाचायचा. घराघरातून सासूबाईंपुढे प्रयोगाला हिंग, कापूर, कांदा, एकाने तर रॉकेल पाठवलं. नाक शून्यावर ठाम. त्यावर मटका सुरू करायचा बेनेडिक्टचा विचार होता. प्रेमाने खिडकीत जाऊन त्याला असं काही सांगितलं की तो मुकाट्याने माळ ओढत बसला.

आणि मग एका सकाळी न्हाणीघरातून आरोळी आली.

“जावयांनू, हय कसलो कुबट वास मारता? गटाराचो पायप खंय जोडलात?”

चहाचा कप तसाच ठेवून तोरसकर चप्पल शोधायला लागले. “अहो, आधी पाइप बघा,” प्रेमा म्हणाली.

“बघतो,” ते म्हणाले, आणि खडू घेऊन खाली गेले.